मायोर्कात आठ दिवस : घाट तुमचे, गावं दोघांची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नाशिकचे, वय ४४, दोनशे किलोमीटरच्या दोन बीआरएम (ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या सायकलफेऱ्या) वेळेत पुऱ्या केल्यात. एप्रिलअखेर किंवा मेमध्ये आठ रात्रींसाठी स्पेनच्या मायोर्का बेटावर जायचंय आणि सा कालोब्राचा घाट चढायचाच आहे. वहिनींना सायकलची फारशी सवय नाही; त्यांना जुनी गावं, चर्च, किल्ले बघायचेत. शेवटी तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: घाट जमेल का, आणि सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

दोन्हींचं उत्तर एका ओळीत देता येतं. जमेल, आणि भाड्याने घ्या. पण मधेच तुम्ही एक वाक्य सहज टाकून दिलंय: 'ट्रिप दोघांचीही व्हायला हवी.' खरा प्रश्न तो आहे, म्हणून मी त्यालाच धरून लिहिते. मी पुण्याची. सहा-आठ जणांचे गट घेऊन बरीच वर्षं या बेटावर जाते. गटातल्या निम्म्या लोकांच्या जोडीला सायकल न चालवणारं कुणीतरी असतंच. पहिल्या दोन वर्षांत मी सगळ्यांत मोठी चूक केली ती हीच. सकाळी ९० किलोमीटर आणि दुपारी 'वेळ उरला तर' गाव, असा बेत आखायचे. वेळ कधीच उरत नाही. आणि उरला तरी ज्याच्या मांड्या भरून आल्यात त्याला चौदाव्या शतकातली कमान दाखवून उपयोग नसतो. तो फक्त बसायला जागा शोधत असतो.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: घामाचा दिवस आणि बघण्याचा दिवस वेगळा ठेवा. याला एक पळवाट आहे, तिच्याबद्दल पुढे सांगते.

आधी बेटाची ठेवण. मायोर्का साधारण ३,६४० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या गोव्याएवढं. वायव्येच्या किनाऱ्याला लागून डोंगरांची एक भिंत आहे, सेर्रा दे त्रामुंताना. सगळे नावाजलेले घाट तिथेच. पुच मायोर हे सर्वांत उंच शिखर १,४०० मीटरच्या थोडं वर जातं, पण माथ्यावर लष्कराचं रडार असल्याने रस्त्याने तुम्ही साधारण साडेआठशे मीटरपर्यंतच जाता. मधला भाग सपाट, बदामाची झाडं, पवनचक्क्या, दगडी कुंपणांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा. पूर्वेला पुन्हा बुटक्या टेकड्या. म्हणजे मुक्काम कुठे, यावर तुमचे घाट ठरतात आणि वहिनींची गावंही ठरतात. बहुतेक जण हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून एका ठिकाणी आठही रात्री राहतात आणि रोज त्याच रस्त्याने बाहेर पडून त्याच रस्त्याने परत येतात.

(उच्चाराची एक गोष्ट सांगून ठेवते, पाट्या वाचताना उपयोगी पडेल. बेटावर कातालान बोलतात. दोन 'एल' जोडून आले की आपल्या 'य'च्या जवळचा उच्चार होतो. कोय म्हणजे खिंड, पुच म्हणजे डोंगर. नावाच्या सुरुवातीला 'बिनी' दिसलं तर ते अरबी 'बनी'वरून आलेलं, अमक्याची मुलं या अर्थाचं. हे बेट ९०२ पासून १२२९ पर्यंत मुस्लिम सत्तेखाली होतं. नावं राहिली, पाण्याचे पाट राहिले, डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांची पद्धत राहिली.)

तुमच्यासाठी मी मुक्काम तीन ठिकाणी विभागेन: तीन रात्री उत्तरेला पोयेन्सा बंदरात, तीन सोयेरला, दोन राजधानी पाल्मात. सामान दोनदा हलवावं लागेल, मान्य. तुम्ही दोघंही सायकलस्वार असता तर मी एकच मुक्काम सांगितला असता.

उत्तरेपासून सुरुवात का? पोयेन्सा बंदर उपसागराच्या काठावर आहे, सपाट आहे, आणि पहिल्या दिवशी तुम्हाला घाटापेक्षा रस्त्याच्या उजव्या बाजूची सवय करायची आहे. ही गोष्ट सगळे हसण्यावारी नेतात. वर्दळीच्या रस्त्यावर काही होत नाही, समोरच्या गाड्या बघून माणूस आपोआप नीट चालवतो. घोटाळा होतो तो मोकळ्या रस्त्यावर, कॉफी पिऊन पुन्हा निघताना. मी स्वतः तिसऱ्या खेपेला, म्हणजे 'मला आता सगळं येतं' या थाटात असताना, एका कॅफेतून निघाले आणि सरळ डाव्या बाजूने तीनशे मीटर गेले. वळणावर गाडी समोर आली. चालकाने ब्रेक दाबला, हॉर्नसुद्धा वाजवला नाही, फक्त बोटाने पलीकडची बाजू दाखवली. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या हँडलच्या मधोमध रंगीत टेप लावून तिच्यावर उजवीकडे बाण काढते. पोरकट दिसतं, पण उपयोग होतो. चौकातल्या गोलाला वळसा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे उजवीकडे वळून शिरायचं. आणि रस्त्यात शिरताना आधी डावीकडे बघायचं.

पहिल्या दिवशी वहिनींसाठी ई-बाइक घ्या आणि दोघं मिळून किनाऱ्याकाठाने अल्कुदियाला जा. साधारण दहा किलोमीटर, चढ नाही. अल्कुदियाच्या जुन्या गावाला मध्ययुगीन तटबंदी आहे, तिच्यावर चढून फिरता येतं. तटाबाहेर पोलेंशिया या रोमन नगराचे अवशेष आहेत, छोटं नाट्यगृहही आहे. इ.स.पू. १२३ मध्ये रोमनांनी बेट जिंकलं त्यानंतर वसवलेलं हे नगर. पोयेन्सा गावात (बंदरात नव्हे, ते काही किलोमीटर आत आहे) सरूच्या रांगांमधून टेकडीवरच्या चॅपलकडे ३६५ पायऱ्या जातात. त्या संध्याकाळी चढा, सायकलचे बूट हॉटेलात ठेवून.

ई-बाइकबद्दल एक सावधगिरी. युरोपात नेहमीच्या ई-बाइकची मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंतच साथ देते, त्यामुळे ती अंगावर येत नाही. नवख्या माणसाला चढाची भीती वाटते, पण ई-बाइकवर चढ सोपा असतो. अवघड असतो तो उतार, कारण वजनदार सायकल वळणावर थांबवायला हातांना सवय लागते. वहिनींना सपाट भागात भरपूर फिरू द्या, डोंगरात बस, बोट, गाडी. यात कुणी कमी ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही एकटे फोर्मेन्तोरच्या टोकाला जाऊन या. बंदरापासून दीपगृहापर्यंत साधारण वीस किलोमीटर, तेवढेच परत. दीपगृह १८६३चं. लांबी फसवी आहे, चढ-उतार एकामागोमाग एक येतात, रस्ता अरुंद, मधे एक अंधारा बोगदा, आणि शेळ्या. या शेळ्यांना रस्ता त्यांच्या मालकीचा वाटतो, आणि तुम्ही वळणावर आहात याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दिवा पुढे-मागे दोन्हीकडे लावा. उन्हाळी हंगामात खासगी गाड्यांना या रस्त्यावर दिवसाच्या ठरावीक तासांत बंदी असते, सायकलींना नसते. तरीही लवकर जा. नऊच्या आत परत याल तर नाश्ता वहिनींसोबत.

इथेच वाऱ्याचं सांगते. त्रामुंताना हे डोंगराचं नाव तसंच उत्तरेच्या वाऱ्याचंही. तो सुटला की फोर्मेन्तोरच्या उघड्या कड्यावर आडव्या झोतात सायकल हाताळणं धोक्याचं होतं. अशा दिवशी हट्ट करू नका, बेटाच्या मधल्या भागात जा, तिथे कुंपणांचा आडोसा मिळतो. साध्या दिवसांतही नियम एकच: जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. तुम्ही बीआरएम केल्यात, त्यामुळे शेवटच्या पन्नास किलोमीटरमधला समोरचा वारा काय करतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिसऱ्या दिवसासाठी ती पळवाट.

मायोर्कातले बरेच घाट कुठल्यातरी मठाशी संपतात. आपल्याकडे जसं नांदुरीहून घाट चढून वर सप्तशृंगी, अगदी तसं. युकचा मठ तेराव्या शतकापासूनचा, काळ्या मेरीचं स्थान, बेटावरच्या लोकांची वारी इथे येते. मुलांच्या गायकवृंदाची परंपरा सोळाव्या शतकापासून आहे. इंका-काइमारीकडून कोय दे सा बातायाची खिंड चढून इथे येता येतं, साधारण आठ किलोमीटर, सरासरी पाच टक्के चढ. आपल्यासारख्यांना सुखाचा घाट. पोयेन्साकडून यायचं तर कोय दे फेमेनियाचा घाट लागतो, तोही जवळपास तेवढाच. तुम्ही सायकलने या, वहिनींना बसने किंवा गाडीने येऊ द्या, वर दोघं भेटा. इथे घाम आणि बघणं दोन्ही एकाच जागी पोचतं, कारण ती जागा मुळातच लोकांनी चढून यावं म्हणून उंचावर आहे. बेटाच्या दक्षिणेला रांदाच्या डोंगरावर कुराचा मठ आहे. तेराव्या शतकातला तत्त्वज्ञ रामोन युय इथे एकांतात राहिला होता. फेलानिचजवळ सांत साल्वादोर, उंची ५०९ मीटर, घाट पाचेक किलोमीटरचा.

फेलानिचचं नाव निघालंच आहे तर सांगते. या गावात १९२६ मध्ये जन्मलेला गियेम तिमोनेर मोटारसायकलमागे सायकल पळवण्याच्या शर्यतींत सहा वेळा जगज्जेता झाला, १९५५ ते १९६५ या काळात. पाहुण्या सायकलस्वारांच्या झुंडी फार नंतर आल्या. सायकलशर्यत ही बेटाची स्वतःची गोष्ट आहे, मुंबई-पुणे शर्यत आणि 'घाटाचा राजा' जशी आपली. पाल्मात बंदिस्त व्हेलोड्रोम आहे, २००७ची ट्रॅक सायकलिंगची जागतिक स्पर्धा तिथेच झाली.

आता सा कालोब्रा.

आकडे आधी. साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के, समुद्रसपाटीपासून ६८२ मीटरवरच्या कोय देल्स रेइस खिंडीपर्यंत. सव्वीस केसपिनी वळणं आणि एके ठिकाणी रस्ता स्वतःच्याच खालून २७० अंशांत वळून जातो. त्याला टायची गाठ म्हणतात. पण या घाटाची खरी गंमत ही की तो कुठेच जात नाही. खाली एक चिमुकलं बंदर, चार खानावळी आणि समुद्र. अंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हा रस्ता आखला तो लोकांनी बघायला यावं म्हणूनच. आपले घाट कोकणातला माल देशावर चढवायला झाले, नाणेघाटात तर जकातीचा दगडी रांजण अजून उभा आहे. हा घाट निव्वळ हौसेसाठी बांधलेला. बोगदा न खोदता, कापलेला दगड भरावाला वापरत, डोंगराच्या कलाने त्याने रस्ता उतरवत नेला. सात टक्क्यांचा चढ फारसा कुठे अंगावर येत नाही, तो याच आखणीमुळे. फोर्मेन्तोरचा रस्ताही त्याचाच. तेव्हा तुमच्या शर्यतीच्या यादीतला हा घाट वहिनींच्या यादीतल्या कुठल्याही वास्तूइतकाच ऐतिहासिक आहे. त्यांना तसं सांगून बघा.

रस्ता बंद टोकाचा असल्यामुळे आधी उतरावं लागतं, मग तोच चढायचा. अडचण घाटाची नसते, तिथवर पोचण्याची असते. पोयेन्सा बंदराहून गेलात तर जाऊन-येऊन नव्वद ते शंभर किलोमीटर आणि दोन हजार मीटरच्या पुढे चढाई. सोयेरहून अंतर थोडं कमी, पण निघतानाच पुच मायोरचा चौदा किलोमीटरचा घाट. म्हणजे सा कालोब्राच्या पायथ्याशी तुम्ही ताजेतवाने नसताच. दोनशेच्या बीआरएमला साडेतेरा तास असतात, हळू चालवून चढाई पचवता येते. इथे तासाभराच्या आसपास सलग एकाच ताकदीने पाय मारावे लागतात, मधे सपाटी नाही. तुमच्या सरावाच्या माणसाला मी पाऊण ते सव्वा तास धरते. नक्की किती ते दोन गोष्टींवर: वजन आणि गिअर.

म्हणून सोयेरचा मुक्काम सुचवला. सोयेर बंदरातून सा कालोब्राला बोट जाते. त्यामुळे दोन रस्ते उघडतात.

पहिला: तुम्ही उजाडताच सायकलने निघा, पुच मायोर चढा, मोन्नाबेरचा बोगदा, कुबेर आणि गोर्ग ब्लाउ या दोन जलाशयांच्या काठाने जाऊन सा कालोब्रा उतरा. वहिनी सकाळच्या बोटीने तिथे येतील. बंदरापासून खडकातल्या पायवाटेच्या बोगद्यांतून चालत गेलं की तोरेंत दे पारेइसची घळ समुद्राला मिळते ती जागा येते, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधे गोट्यांचा किनारा. दोघं तिथे बसा. मग तुम्ही चढायला लागा, वहिनी बोटीने परत. हा पूर्ण दिवस आहे आणि तुमच्या ताकदीच्या काठावरचा आहे.

दुसरा: बोटवाले सायकल घेतात का आणि हवामान कसं राहील हे आदल्या दिवशी विचारून दोघंही बोटीनेच जा. तुम्ही ताज्या पायांनी घाट चढा आणि पुच मायोरच्या बाजूने सोयेरला उतरा. अंतर आणि चढाई दोन्ही जवळपास निम्मी. तोटा एकच, बोट पोचते तेव्हा पर्यटकांच्या बसगाड्या घाट उतरत असतात. बस केसपिनी वळणावर पूर्ण रस्ता खाते. तुम्ही एका पायावर कडेला उभे राहता आणि लय तुटते. माझ्या गटातल्या शर्यतवाल्यांना हे पटत नाही. मला स्वतःला पन्नाशीनंतर दुसरा रस्ताच आवडायला लागलाय.

समुद्र खवळला तर बोट बंद. म्हणून सोयेरला तीन रात्री. दोन पूर्ण दिवसांपैकी एक तरी चांगला मिळतोच. दुसऱ्या दिवशी वाय्देमोसाचा मठ (शोपाँ हा संगीतकार १८३८-३९चा हिवाळा इथे राहिला होता), देया, जमलं तर पुढे बान्याल्बुफार. तिथे समुद्रापर्यंत उतरत गेलेली पायऱ्यांची शेतं बघा, चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडांच्या बांधांवर उभी. सेर्रा दे त्रामुंतानाला २०११ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो माणसाने घडवलेला भूप्रदेश म्हणून. सायकलवरून हे बांध हाताच्या अंतरावरून जातात, बसच्या काचेतून ते निव्वळ कुंपण वाटतं. कड्याच्या टोकावर चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेले सोळाव्या शतकातले टेहळणी बुरूजही याच रस्त्यावर. मात्र हा रस्ता बसने करा, दोघांनी. आदल्या दिवशीचे पाय तुम्हाला धन्यवाद देतील.

इथवरचा हिशोब: उत्तरेला सवय, फोर्मेन्तोर आणि युक, सोयेरला सा कालोब्राचा एक दिवस आणि बिनघामाचा एक दिवस. मोठा घाट एकच, आणि तो साधारण मध्यावर, कारण विमानप्रवासानंतरचे पहिले दोन दिवस पाय आपले नसतात.

सोयेरहून पाल्माला लाकडी डब्यांची आगगाडी जाते, १९१२ पासून. रस्त्याचा बोगदाही आहे, पण त्यात सायकलींना मनाई. सायकलने यायचं तर जुना कोय दे सोयेर चढायचा, वळणंच वळणं, गाड्या जवळजवळ नाहीत. मी तरी तुम्हाला आगगाडीच सांगेन. सायकल सोयेरच्या दुकानात परत करा.

पाल्मात पहिला दिवस चालत. कॅथेड्रल ला सेउ. आरागॉनच्या राजा जाउमेने १२२९ मध्ये शहर जिंकल्यावर मशिदीच्या जागी याचं काम सुरू झालं आणि १६०१ पर्यंत रेंगाळलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाउदी या वास्तुकाराने आत फेरबदल केले. सकाळी जा, पूर्वेच्या गोल खिडकीतून रंग आत फरशीवर पडतात. बेयव्हेरचा किल्ला गोल आहे, वर्तुळाकार अंगण, दुमजली कमानी. आपल्या गडांसारखा रांगडा नाही, जरा नटवा वाटतो, पण वरून अख्खा उपसागर दिसतो.

दुसऱ्या दिवशी दोघांनी पुन्हा सायकली भाड्याने घ्या. पाल्माहून इंकामार्गे सिनेउ, पेत्रा, मानाकोरकडे गाडी जाते, सायकल घेऊन बसता येतं, ऑफिसच्या वेळेची गर्दी तेवढी टाळा. सिनेउला उतरा. तो दिवस बुधवार निघाला तर सोन्याहून पिवळं, कारण सिनेउचा बाजार बुधवारी भरतो, चौदाव्या शतकापासून, आणि तिथे अजून जनावरंही विकायला येतात. ओतूर-नारायणगावच्या बाजारात वाढलेल्या माणसाला परकं वाटणार नाही. तिथून पेत्रापर्यंत दगडी कुंपणांमधून सपाट वाट, वहिनींना ई-बाइकवर हसतखेळत जमेल. पेत्राच्या चौकात दुपारी शेकडो सायकली भिंतीला टेकलेल्या असतात. हे हुनिपेरो सेर्राचं गाव, १७१३चा जन्म, पुढे कॅलिफोर्नियात जाऊन त्याने मिशनं वसवली. त्याचं घर बघता येतं. तिथल्या मूळ लोकांचं या मिशनांमुळे काय झालं यावर आज बरंच बोललं जातं, पेत्रातल्या भिंतींवर मात्र तो अजून संतच आहे. संध्याकाळच्या गाडीने परत.

आता राहिलेले व्यवहार.

तारखा ठरवताना एक बघा. एप्रिलच्या शेवटी मायोर्का ३१२ ही मोठी सायकलफेरी होते, ३१२, २२५ आणि १६७ किलोमीटर अशी तीन अंतरं. त्या दिवशी डोंगरातले रस्ते बंद, उत्तरेची हॉटेलं भरलेली. भाग घ्यायचा नसेल तर तो आठवडा टाळा. घ्यायचा असेल तर तुमचा प्रवास विमा 'स्पर्धा' वगळतो का हे आधी वाचा, बरेच वगळतात. माझं मत विचाराल तर पहिल्या भेटीत नको. तुम्ही दिवसभर नाहीसे व्हाल आणि वहिनींसाठी बसही धड मिळणार नाही. मेचा पहिला पंधरवडा उत्तम. जुलै-ऑगस्ट उकाडा आणि गाड्या, विचारही करू नका.

सायकल: आठ रात्रींसाठी स्वतःची खोक्यात बांधून, दोन विमानं बदलून न्यायचं कारण नाही. चांगल्या दुकानांत कार्बनच्या सायकली आरामात मिळतात, पण माप सांगून आधी नोंदवा. सोबत न्या ते पेडल, बूट, हेल्मेट आणि शक्यतो स्वतःची सीट. पुढचं लहान दातेरी चाक ३४ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं किमान ३२चं, ३४ मिळालं तर आणखी बरं, हे लिहून मागा. आणि ब्रेक. आपल्याकडे बहुतेक पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. उतारावर सवयीने दाबलात तर भलतंच चाक धरतं. इंग्रज गिऱ्हाइकं खूप असल्यामुळे दुकानदार बदलून देतात, पण विचारावं लागतं. ताब्यात घेतल्यावर दुकानासमोर नव्हे, एखाद्या चढावर सगळे गिअर टाकून बघा. एका वर्षी मला मिळालेल्या सायकलचा मागचा हँगर (गिअर बदलणारा भाग ज्याला अडकवतात तो तुकडा) वाकलेला होता आणि ते मला कळलं घाटाच्या तिसऱ्या किलोमीटरला, साखळी आऱ्यांत गेल्यावर.

स्पेनमध्ये गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. दोघांनी जोडीने शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे, गाडीने ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि बहुतेक जण ठेवतात. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. अडचण आली तर ११२.

थंडीचं आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. चढताना घाम, आणि पुच मायोरवरून सोयेरला चौदा किलोमीटर उतरताना तोच घाम बर्फासारखा होतो. खिशात मावणारं वारारोधक जाकीट आणि हातांच्या बाह्या घ्याच. बोटं गारठली की ब्रेक दाबवत नाही. त्यात पाऊस पडला असेल तर गुळगुळीत डांबर आणि पाइनच्या सुया, वळणावर अगदी दमाने.

शाकाहारी असाल तर एन्साइमादाकडे जपून. वेटोळ्यासारखी ही गोड पाव-पेस्ट्री सगळ्या सायकलस्वारांच्या हातात दिसते, पण तिच्या नावातला 'साइम' म्हणजे डुकराची चरबी. तिच्याऐवजी बदामाचा केक घ्या, गातो म्हणतात, त्यात अंडं असतं एवढंच. पा आम्ब ओली, म्हणजे पाव, त्यावर चोळलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, वर चीज मागा, हॅम नको म्हणून स्पष्ट सांगा. तुंबेत म्हणजे वांगी-बटाटा-सिमला मिरचीचे थर. सोयेरच्या संत्र्यांचा रस घाटाआधी एक ग्लास, घाटानंतर दोन. दुपारी दोन-तीननंतर गावातली दुकानं बंद होतात, म्हणून खिशात चिक्की असू द्या. मी तर राजगिऱ्याच्या वड्या नेते.

सरावाचं राहिलं. दोनशेची आणखी एक बीआरएम करण्यापेक्षा जायच्या आधीचे दहा रविवार नांदुरी ते सप्तशृंगी घाट करा. पहिले चार रविवार एकदा, पुढे खाली उतरून पुन्हा. दुसऱ्यांदा चढताना पहिल्या वेळेपेक्षा किती मिनिटं जास्त लागली ते लिहून ठेवा. दहा-बारा टक्क्यांच्या आत फरक आला तर सोयेरहून पहिला रस्ता धरा. जास्त आला तर बोट. देवीच्या यात्रेचे दिवस मात्र टाळा, तेव्हा त्या घाटात सायकलला जागा नसते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. तारखा पक्क्या झाल्या आणि सप्तशृंगी घाटाच्या त्या दोन चढायांची मिनिटं हाती आली की कळवा, मागच्या गिअरचं तेव्हा ठरवू.